नानांची निळी रेघ

नाना औरादकर लग्नाला आले की ताट हातात घेण्याआधी फंक्शन हॉलच्या फरशीकडे बघायचे. टाचेने एकदा ठोकायचे, मान हलवायचे आणि शेजारी जो कुणी उभा असेल त्याला सांगायचे, "आपण तळ्यात जेवतोय बरं का." मग शांतपणे बगारा राइस आणि मिरचीचं सालन वाढून घ्यायचे. ऐकणाऱ्याचा घास घशात अडकायचा. नवरीचा बाप जवळपास असला तर सुमनवहिनी, म्हणजे नानांची बायको, मागून त्यांच्या बाहीला हिसका द्यायच्या. पण हिसक्यांनी सुधारणारा तो माणूस नव्हता.

बरकतपुऱ्यात आमची आणि त्यांची गॅलरी समोरासमोर. मी बँकेत होते, नाना दिवाणी कोर्टात वकील. जमिनीचे दावे चालवायचे. त्यांचे वडील निजामाच्या काळात महसूल खात्यात होते, त्यामुळे घरात उर्दू कागद आणि मराठी आरत्या एकाच कपाटात सुखाने नांदायच्या. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. नानांना ऋषींशी काही देणंघेणं नव्हतं. नदीचं मूळ मात्र विचारल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे.

बाहेरच्या खोलीत, जिथे चारचौघे सोफा ठेवतात, तिथे त्यांच्या नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या असायच्या. काही कापडावर चिकटवलेले, काही इतके जुने की उलगडताना पापडासारखे तुटायचे. रविवारी सकाळी आबिड्सच्या फुटपाथवरच्या पुस्तकबाजारात जायचे आणि दुपारी एक नवी गुंडाळी काखेत मारून परतायचे. वहिनी दारातच म्हणायच्या, "आणली सवत!" नाना ऐकून न ऐकल्यासारखं करून थेट जमिनीवर पालथे पडायचे आणि भिंग लावून बसायचे. त्या नकाशांत शहरातली विहीरन् विहीर होती, चिंचेची झाडं होती, शेताला पाणी नेणारे पाट होते. एकदा मी वाटीभर आमटी द्यायला गेले तर खालून ओरडले, "कुमुद, पाय सांभाळ! तू हुसेनसागरात उभी आहेस."

नानांबरोबर ऑटोत बसणं म्हणजे एक शिक्षाच होती. पत्ता ते आजचा कधी सांगायचेच नाहीत. एकदा वहिनी, मी आणि ते मिळून कुणाच्या तरी बारशाला निघालो होतो. नाना ऑटोवाल्याला म्हणाले, "चेरुवु के कट्टे पे छोडो." चेरुवु म्हणजे तळं, कट्टा म्हणजे त्याचा बांध.

"कौनसा चेरुवु साब? वां तो सब शोरूमां हैं."

"शोरूमां के नीचे है."

ऑटोवाल्याने आरशातून नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, बहुधा या म्हाताऱ्याला कुठे भरती करायला नेताहेत का याचा अंदाज घेत. "नीचे का मेरे कू नै मालूम. ऊपर का बोलो साब, ऊपर कां जाना?"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. नाना हसले नाहीत. शोरूमच्या काचांकडे बघत ते मला हळूच म्हणाले, "ताबा गेला म्हणून मालकी जात नसते, कुमुद. पाणी कोर्टात जात नाही एवढंच."

ते असं काही बोलले की माझं हसू मध्येच थांबायचं. त्यांच्या आवाजात धमकी नसायची, उलट एखाद्या अशिलाची बाजू मांडावी तसा तो समजुतीचा असायचा. पण त्यांचं अशील कोण आहे हे लक्षात आलं की अंगावर काटा यायचा.

मुधोळकरांच्या वास्तुशांतीला तर कहरच झाला. नवीकोरी इमारत, दारात केळीचे खांब, सत्यनारायणाचा प्रसाद. नाना प्रसादाचा द्रोण हातात घेऊन गॅलरीत गेले, चारी बाजूंनी वाकून पाहिलं आणि मुधोळकरांना विचारलं, "इथलं पाणी कुठे जातं हो?"

"कुठलं पाणी?"

"येईल ते."

मुधोळकर लालबुंद झाले. आणि पुढच्याच पावसाळ्यात त्या इमारतीच्या तळघरात गाड्या तरंगल्या. तेव्हापासून आमच्या मराठी मंडळींत एकच बोललं जाऊ लागलं, की नानांची जीभ काळी आहे. जणू पाणी त्यांनीच बोलावून आणलं होतं. वास्तुशांतीची आमंत्रणं एकट्या वहिनींना येऊ लागली.

पण माणसं भितात तशी हिशेबीही असतात. काळ्या जिभेला नंतर भ्यायचं त्यापेक्षा आधीच विचारलेलं काय वाईट, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. मग घर बघायला जाताना लोक नानांना गाडीत घालून न्यायला लागले. बघता बघता तो आमच्यात रिवाजच झाला. आधी नाना, मग टोकन. पत्रिका जुळवणारे गुरुजी बाजूला राहिले, नानांनी मान हलवली की आई-बाप सुटकेचा श्वास टाकायचे. नाना कुणाकडून चहापलीकडे काही घेत नसत. पण त्यांच्या होकाराची त्या वर्षांत जी किंमत होती ती कुठल्या कागदाला नव्हती.

याच सुमाराला त्यांच्या हातात टॅब आला. मुलीने, वैशूने, वाढदिवसाला दिला. मला वाटलं, हा जुन्या कागदांचा माणूस, नाक मुरडेल. कसलं काय! पहिल्या दिवशी उपग्रहाचं चित्र बघून ते इतके हरखले की जेवायला उठेनात. रस्ता सांगणाऱ्या बाईशी मात्र भांडायचे. "डावीकडे वळा म्हणते, डावीकडे काय होतं ते विचार तिला." एकदा मला बोलावून त्यांनी जुनी-नवी उपग्रहचित्रं एकामागून एक दाखवली. एक मोठं काळंशार तळं. मग त्याच्या काठाला थोडी माती. मग एक रस्ता. मग चौकोनी छपरं, आणखी छपरं. शेवटच्या चित्रात तळ्याच्या जागी हिरवं डबकं होतं, पोरांनी रांगोळी पुसावी आणि कोपऱ्यात एवढासा रंग राहावा तसं. नाना बोट पुढेमागे सरकवत होते आणि तळं भरत होतं, आटत होतं. मी म्हटलं, "बंद करा हो ते." त्यांनी बंद केलं, पण मला कळलं की रोज दुपारी ते हेच बघत बसतात.

त्यांची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. जुन्या नकाशाचा फोटो काढून ते आजच्या उपग्रहचित्रावर ठेवायचे. दोन्ही नीट जुळवायचे तर दोन्हींत असलेल्या जागा लागतात. जुन्या नकाशातली विहीर बुजलेली असते, वाट मोडलेली असते, झाड तोडलेलं असतं. म्हणून नाना देवळं, दर्गे, मशिदी शोधायचे. नकाशातलं देऊळ आजच्या देवळावर ठेवायचं, दर्गा दर्ग्यावर. याला ते खिळा मारणं म्हणायचे. "माणसं हलतात, रस्ते हलतात, नदीसुद्धा हलते," असं ते शिकवल्यासारखं सांगायचे, "देव हलत नाहीत." असे तीन खिळे मारले की जुना नकाशा घट्ट बसायचा, आणि मग त्यातला पाण्याचा मार्ग ते निळ्या रेघेने आजच्या घरांवरून ओढायचे. ती रेघ कुणाच्या पलंगाखालून जाते ते तुम्ही स्वतः बघायचं.

वैशू त्यांची एकुलती एक. तिचा नवरा प्रशांत सॉफ्टवेअरमध्ये, हसतमुख, सासऱ्याला चिडवणारा, पण मान ठेवणारा मुलगा. त्यांची मुलगी इरा, तेव्हा जेमतेम चालायला लागलेली. प्रशांतच्या मनात एक तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट होता. वैशूला मात्र अंगण हवं होतं. उप्पलच्या पलीकडे एका नव्या वसाहतीत तिने एक सुटं दुमजली घर पाहिलं आणि ते तिच्या मनात भरलं. आजूबाजूला अजून शेतं होती, मागे एक कोरडा खड्डा होता आणि कोपऱ्यावर मारुतीचं देऊळ.

रिवाजाप्रमाणे नाना गेले. मारुतीवर एक खिळा मारला, लांबच्या टेकडीवरच्या दर्ग्यावर दुसरा. तिसरा मिळेना, कारण त्या बाजूला पूर्वी नुसती शेतंच. मालक घाई करत होता, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणत होता, आणि लेकीचे डोळे बापाच्या तोंडाकडे लागले होते. नानांनी दोन खिळ्यांवर नकाशा टांगला. वरच्या तळ्यातून निघणारा जुना नाला शेजारची दोन घरं सोडून पलीकडून जात होता. नाना म्हणाले, "कोरडं आहे. घे."

प्रशांतने ते चित्र मोठं छापून, चौकट करून बैठकीत लावलं. पाहुणे आले की दाखवायचा, "हे बाबांचं सर्टिफिकेट." निळी रेघ पलीकडच्या घरांवरून जात होती आणि वैशूच्या घरावर नानांनी कौतुकाने एक छोटा तुळशीवृंदावनाचा ठिपका काढला होता. त्या दिवसांत नाना फार खूश असायचे. मीही म्हटलं, चला, काळ्या जिभेने एकदाचं काहीतरी गोड सांगितलं.

दोन पावसाळे कोरडे गेले. तिसऱ्या वर्षी इराच्या वाढदिवसाला आम्ही सगळे तिकडे गेलो होतो. सकाळी वैशूने आम्हाला देवाला नारळ फोडायला कोपऱ्यावरच्या मारुतीकडे नेलं. पुजारी वयस्कर तेलुगू गृहस्थ. नाना सवयीने देवळाच्या दगडी खांबांवरून हात फिरवत होते. म्हणाले, "बहुत पुराना मंदिर है. मेरे नक्शे में है."

पुजारी कौतुकाने म्हणाला, "हौ साब, स्वामी बहुत पुराने हैं. मंदिर यां का नै है. रोड बडा करे ना, तब स्वामी को वां से उठा के यां लाए. मेरे नायना थे तब. ये खांबां भी वां के ही हैं."

नायना म्हणजे वडील. नानांचा हात खांबावरच राहिला. "वां बोले तो कां?"

पुजाऱ्याने हात केला. मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, जिथे बस थांबते आणि केळीवाला उभा असतो, तिथे.

तीर्थ घेतलेला हात तसाच ओला ठेवून नाना पायरीवर बसले आणि टॅब उघडला. मी शेजारी होते म्हणून मला दिसलं. त्यांनी मारुतीवरचा खिळा उपटला आणि रस्त्यापलीकडे बसथांब्यावर मारला. एका खिळ्याने सगळा नकाशा हळूच फिरला. निळी रेघ सरकली, पलीकडची घरं सोडून अलीकडे आली आणि वैशूच्या स्वयंपाकघरातून शिरून इरा निजते त्या खोलीतून बाहेर पडली. आत आरती चालू होती. इरा टाळ्या वाजवत होती. नानांनी टॅब उलटा ठेवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसले.

त्यांनी लपवलं नाही. जेवणं झाल्यावर लगेच सांगितलं. प्रशांत आधी हसला. "बाबा, लाइट घ्या हो! तीन वर्षं झाली, एक थेंब नाही."

"पावसाने अजून मनावर घेतलं नाही."

"पण तुम्हीच तर सांगितलं होतं." त्याने भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. "हा तुमचाच नकाशा आहे ना? मग हा खरा की तो खरा?"

"तो," नाना टॅबकडे बघत म्हणाले. "हा मी चुकीचा लावला."

प्रशांत वाईट नव्हता. थोड्या वेळाने गंभीर होऊन म्हणाला, "ठीक आहे, विकून टाकू. फक्त घेणाऱ्याला तुम्ही काही सांगायचं नाही."

"त्याला मुलं असतील."

"बाबा, मग विकायचं कसं?"

नाना उठून अंगणात गेले आणि पाठीमागच्या कोरड्या खड्ड्याकडे बघत उभे राहिले.

त्यानंतर नानांच्या घरावर जी छाया पडली ती मी रोज समोरच्या गॅलरीतून पाहत होते. आकाश भरलं की नाना पिशवी भरायचे. वैशूकडे जाऊन राहायचे, इराला वरच्या मजल्यावर निजवायचा हट्ट धरायचे. सगळ्यांचा वावर खालीच असल्याने वरची खोली बिनवापराची होती. पण इराला तिची खालचीच खोली आवडायची, कारण खिडकीतून अंगणातलं मांजर दिसायचं. पाऊस पडून जायचा. काही व्हायचं नाही. वसाहतीतली पोरं त्यांना मॅप ताता म्हणायला लागली. ताता म्हणजे आजोबा. प्रशांत बाकी काही बोलायचा नाही, पण रोज सकाळी विचारायचा, "बाबा, आज होडी काढायची का?" नानांना तेही चालायचं. होडी काढायची वेळ येऊ नये एवढंच त्यांना हवं होतं.

एकदा मी वैशूला एकटीला गाठलं. म्हटलं, "अगं, प्रशांतचं सोड. तू तरी समजूतदार आहेस. भाड्याच्या घरात जा ना."

ती भांडी पुसत होती. म्हणाली, "मावशी, अख्ख्या गावाने बाबांच्या शब्दावर घरं घेतली आहेत. त्यांची स्वतःची मुलगी घर सोडून गेली तर लोक काय म्हणतील? त्यांच्याकडे दुसरं आहे काय? आयुष्यभर तेवढंच कमावलंय त्यांनी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि बाबा एकदा चुकले, तर दुसऱ्यांदाही चुकले असतील. दुसरा नकाशा चुकीचा असेल. असू दे ना चुकीचा."

मला तिचा राग आला आणि रडूही आलं. बापाची अब्रू राखायला लेक नाल्यात राहत होती. मी हे नानांना सांगावं की नाही यावर दोन दिवस डोकं फोडलं आणि शेवटी सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "असं आहे होय." बस, एवढंच.

पुढच्या आठवड्यात गणपती बसले. आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये आरती झाली, आता खिरापत वाटायची म्हणून लोक चुळबुळ करत होते, तेवढ्यात नाना स्टेजवर चढले आणि माइक हातात घेतला. लोकांना वाटलं, काही जुन्या हैदराबादची माहिती सांगणार.

"मी वैशूच्या घराचा नकाशा चुकीचा लावला," ते म्हणाले. "ते घर नाल्यात आहे. देऊळ हललेलं होतं, मी चौकशी केली नाही. ज्यांना ज्यांना मी होकार दिला त्यांनी परत माझ्याकडे या, मी प्रत्येक देवळात जाऊन विचारतो. आणि यापुढे माझ्या शब्दावर कुणी घर घेऊ नका."

कुणीतरी म्हणालं, "अहो नाना, गणपतीत हे काय!" मागून मुधोळकरांनी इतक्या वर्षांची उट्टी काढली. "जीभ काळी होतीच, आता नकाशाही काळा निघाला." कुणी हसलं नाही. ज्यांनी नानांच्या होकारावर घरं घेतली होती ते एकमेकांकडे बघत होते. वैशू दुसऱ्या रांगेत होती. तिने इराचा हात धरला आणि प्रसाद न घेता निघून गेली.

नानांनी जे करायचं ते जाणूनबुजून केलं होतं. राखायला अब्रूच उरली नाही, तर लेकीला त्या घरात राहण्याचं कारण उरत नव्हतं. दसऱ्याच्या आत वैशू, प्रशांत आणि इरा सिकंदराबादला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिसऱ्या मजल्यावर. वैशू मात्र बापाशी बोलेनाशी झाली. फोन आला की वहिनींशी बोलायची आणि ठेवून द्यायची. आणि नानांकडे लोकांची येजा थांबली. परत तपासून घ्यायलाही फारसं कुणी आलं नाही. माणसाला नको ते कळण्यापेक्षा न कळलेलं बरं वाटतं.

पण घर तर होतंच. हप्ते भरायचे म्हणून प्रशांतने ते भाड्याने द्यायचं ठरवलं. एक तरुण जोडपं दोन लहान मुलांना घेऊन बघायला आलं. नाना आधीच तिथे जाऊन बसले होते. त्यांनी सगळं सांगितलं. जोडपं गेलं. दुसरे आले, तेही गेले. प्रशांतचा संयम सुटला. आमच्यादेखत म्हणाला, "बाबा, मग त्या घरात राहायचं कुणी? भुतांनी?"

"मी राहतो," नाना म्हणाले. "भाडं देतो."

वहिनी म्हणाल्या, "तुमचं डोकं फिरलंय. मी नाही येणार हं."

"तू येऊच नकोस. कुणीतरी राहायचंच असेल तर ज्याने नकाशा चुकीचा लावला त्याने राहावं."

आणि ते गेले. एक गादी, स्टोव्ह आणि चार भांडी घेऊन, गुंडाळ्यांतली एकही गुंडाळी न घेता. वरच्या मजल्यावर राहायचे, खाली फक्त येण्याजाण्यापुरते. आम्ही डबा घेऊन जायचो तेव्हा ती रिकामी खालची खोली बघून मला कसंतरीच व्हायचं. भिंतीवर इराने खडूने काढलेली मांजरं तशीच होती. उन्हाळा गेला. पाऊस लांबला, आणि लांबला तेव्हा नानांचा चेहरा अधिकच उतरला. म्हणाले, "उशिरा येतो तो एकदम येतो."

आला तो भर दुपारी. सकाळपासून आभाळ काळं झालं होतं, शाळा लवकर सोडल्या होत्या. बरकतपुऱ्यात आमच्या गल्लीत पोटरीएवढं पाणी. वहिनी आणि मी आमच्या जेवणाच्या टेबलाशी अंबाडी निवडत बसलो होतो आणि फोन मध्ये ठेवला होता, स्पीकरवर. नानांचा आवाज स्वच्छ येत होता.

"वरचं तळं भरून वाहतंय. वसाहतीत सगळ्यांना सांगून आलो. पुष्कळजण गच्चीवर गेले."

"तुम्ही वर जा आधी!" वहिनी ओरडल्या.

"जिन्यावर आहे. इथून दिसतं." थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज. मग एक मोठा धडाका, भांडी आपटल्यासारखा. "दार गेलं. स्वयंपाकघराचं. तिथूनच आलं बघ, तिथूनच." त्यांचा आवाज कापत होता, पण घाबरून नव्हे. "कुमुद, ऐकतेस ना? तिथूनच आलं."

"ऐकतेय नाना. वर जा."

"वैशू कुठे आहे?"

"घरी आहे, सिकंदराबादला," वहिनी म्हणाल्या.

"आणि इरा?"

"तिच्याजवळच आहे. मघाशीच बोलले मी."

"तिसऱ्या मजल्यावर?"

"हो हो, तिसऱ्या मजल्यावर!"

"मग येऊ दे," नाना म्हणाले. फोन बंद झाला.

परत लागला नाही. वहिनी अंबाडी निवडत राहिल्या. पानं आणि देठं एकाच ताटात टाकत होत्या आणि मी त्यांना काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी उतरलं. प्रशांत, वैशू, वहिनी आणि मी गाडी मोठ्या रस्त्यावर सोडून चिखलातून चालत गेलो. वैशू सगळ्यांच्या पुढे होती. वरच्या मजल्यावर नाना खुर्चीत बसलेले होते. जिवंत, थकलेले, पायजमा मांडीपर्यंत मातीने माखलेला. वहिनींनी त्यांना धरून शिव्या घातल्या आणि मग त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. वैशू दारात उभी राहिली. बापाकडे तिने पाहिलं, पण जवळ गेली नाही. वळून एकटीच जिना उतरली.

नाना उठले आणि तिच्या मागे गेले. आम्हीही गेलो. ती इराच्या खोलीत उभी होती. खिडकीचे गज वाकले होते. भिंतीवर पाणी जिथवर चढलं होतं तिथे तपकिरी डाग होता, सरळ, चारी भिंतींवर एकाच उंचीचा. खडूची मांजरं त्याच्याखाली गेली होती.

त्यानंतर नाना आणखी दोनेक वर्षं होते, बरकतपुऱ्यातच. घर अजून बंद आहे. वैशू बापाशी पुन्हा बोलू लागली, रोज येऊ लागली. त्या दिवसांतलेही नाना मला आठवतात, पण नाव निघालं की डोळ्यांपुढे येतात ते त्या खोलीतले.

ते भिंतीला टेकून उभे राहिले. एक हात त्यांनी डागावर ठेवला. तो त्यांच्या छातीशी आला. दुसरा हात त्यांनी कमरेजवळ हवेत आडवा धरला, आपण मुलांची उंची दाखवताना धरतो तसा.

"इरा एवढीच आहे ना गं?"

वैशूने बराच वेळ त्या हाताकडे पाहिलं. म्हणाली, "थोडी वर, बाबा. वाढलीय ती."

नानांनी हात चार बोटं वर घेतला. डाग अजून कितीतरी वर होता. ते तसेच उभे राहिले, एक हात वर, एक खाली, आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीकडे बघत राहिले. शेवटी वैशूच पुढे झाली आणि तिने तो खालचा हात आपल्या हातात घेतला.